थांबा, पाहा, जा : रस्ता सुरक्षेच्या धड्याची शंभर वर्षे, शिकागो ते नवी मुंबई

१/
रस्ता कसा ओलांडावा हे मुलांना शाळेत शिकवले पाहिजे, ही कल्पना जेमतेम शंभर वर्षांची आहे. त्याआधी रस्ता म्हणजे अंगणाचेच पुढचे टोक होते. आळीत विटीदांडू चाले, लगोरी रचली जाई, भाजीवाली टोपली उतरवून बसे आणि मधूनच एखादी बैलगाडी सावकाश निघून जाई. मग रस्ता हा मुलांसाठी धोक्याचा विषय कधी झाला? तो अभ्यासक्रमात कोणी आणला? आणि मोटारीच्या युगातच कागदावर आखल्या गेलेल्या नवी मुंबईसारख्या शहरात आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला या विषयात नेमके काय शिकवले पाहिजे? हा धागा त्या प्रश्नांचा.

२/
१७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस परिसरात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही स्त्री मोटारीच्या धडकेने मरण पावली. ब्रिटनमध्ये मोटारीखाली सापडून दगावलेली पहिली पादचारी म्हणून तिची नोंद आहे. मुंबई तेव्हा घोड्याच्या वेगाने चालत होती. ९ मे १८७४ रोजी सुरू झालेली ट्राम घोडे ओढत होते. विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी आली, मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी. सुमारे अर्ध्या शतकात रस्त्यावरचा वेग अनेक पटींनी वाढला. माणसाची नजर, कान आणि पावले मात्र होती तशीच राहिली. रस्ता सुरक्षेचा सगळा इतिहास या विसंगतीतून जन्मला आहे.

३/
या विसंगतीचा पहिला मोठा आघात अमेरिकेतील शहरांनी सोसला. १९२० च्या दशकाच्या आरंभी तिथे मोटारीखाली सापडणाऱ्यांत मुलांची संख्या इतकी वाढली की शहरांमधून शोकमिरवणुका निघाल्या आणि मृत मुलांची स्मारके उभारली गेली. लोकांचा रोष मोटारींवर होता. १९२३ मध्ये सिनसिनाटी शहरात एक प्रस्ताव मतदानाला आला : प्रत्येक मोटारीला असे यंत्र बसवावे की ती ताशी २५ मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे ४० किलोमीटरपेक्षा, वेगाने धावूच शकणार नाही. चाळीस हजारांहून अधिक नागरिकांनी त्या मागणीवर सह्या केल्या होत्या. मोटार व्यावसायिकांनी जोरदार विरोधी प्रचार केला आणि प्रस्ताव पडला.

४/
त्यानंतर चर्चेचा रोख पालटला. वेग आवरण्याऐवजी पादचाऱ्याला शिस्त लावण्यावर भर आला. वाटेल तिथून रस्ता ओलांडणाऱ्याला हिणवणारा ‘जेवॉकर’ हा शब्द याच काळात रूढ झाला. शिकागो मोटर क्लबसारख्या मोटारमालकांच्या संघटनांनी शाळांमध्ये विद्यार्थ्यांची सुरक्षा पथके उभी केली. मोठी मुले पट्टा बांधून चौकात उभी राहत आणि धाकट्यांना पलीकडे पोहोचवत. या पथकांनी मुलांचे प्राण वाचवले यात शंका नाही. तरी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. रस्ता सुरक्षा शिक्षणाच्या उगमाशी करुणा होती आणि हितसंबंधही होते. बदलायचे कोणी, मुलाने की रस्त्याने, हा प्रश्न तेव्हापासून या विषयाच्या मुळाशी आहे.

५/
महाराष्ट्रातील शाळांना या जातकुळीची संस्था चांगली परिचित आहे : रस्ता सुरक्षा दल, म्हणजेच ‘आरएसपी’. स्काऊट-गाइड आणि एनसीसी यांच्या जोडीला माध्यमिक शाळांत हा पर्याय अनेक वर्षे उपलब्ध आहे. गणवेश, शिट्टी, कवायत, वाहतूक पोलिसांच्या हाताच्या खुणा, शाळा सुटताना फाटकाबाहेर धरलेली साखळी. कित्येक पिढ्यांच्या आठवणीत हे चित्र आहे. चौकाच्या मधोमध उभे राहून हात वर करताच वाहने थांबतात, हा अनुभव चौदा वर्षांच्या मुलाला वर्गातला कोणताही धडा देऊ शकत नाही. या दलाचे खरे सामर्थ्य तेच होते. शिक्षण प्रत्यक्ष रस्त्यावर घडत होते.

६/
ब्रिटनने दोन वेगळे प्रयोग केले. १९३८ मध्ये लंडनच्या टॉटनहॅम भागातील उद्यानात छोटे रस्ते, छोटे चौक आणि खुणा असलेले एक लुटुपुटीचे नगर मुलांसाठी उघडले. तिथे मुले सायकली आणि पायगाड्या चालवत वाहतुकीचे नियम शिकत. दुसरा प्रयोग १९४२ चा, युद्धकाळातला : ‘कर्ब ड्रिल’. पदपथाच्या कडेला थांब, उजवीकडे पाहा, डावीकडे पाहा, पुन्हा उजवीकडे पाहा, मग जा. लष्करी हुकुमांच्या धाटणीची ही कवायत मुलांना तोंडपाठ झाली. पुढे असे आढळले की पुष्कळ मुले ती पाढ्यासारखी म्हणत, माना फिरवत आणि समोर काय येते आहे ते न पाहताच निघत. १९७० च्या सुमारास तिची जागा ‘ग्रीन क्रॉस कोड’ने घेतली.

७/
लुटुपुटीच्या नगराची कल्पना महाराष्ट्रातही रुजली. नागपूरच्या धरमपेठेतील ट्रॅफिक पार्क कित्येक पिढ्यांच्या सुट्टीतल्या फेरफटक्याचे ठिकाण आहे. नाशिकमध्येही मुलांसाठी वाहतूक शिक्षणाचे उद्यान आहे. अशा उद्यानात सिग्नल, झेब्रा पट्टे, वळणे आणि फलक मुलांच्या उंचीला येतात. खुणांची ओळख तिथे उत्तम होते. उणीव एवढीच की तिथला रस्ता आज्ञाधारक असतो. तिथे उलट्या दिशेने येणारी रिक्षा नसते, झेब्रा पट्ट्यावर थांबलेला टेम्पो नसतो, पदपथावर मांडलेले दुकान नसते. उद्यानाबाहेर पाऊल टाकताच मुलाला वेगळ्याच व्याकरणाचा रस्ता भेटतो.

८/
१९६० च्या दशकात स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ स्टिना सँडेल्स यांनी या विषयाला कलाटणी दिली. मुले रस्त्यावर प्रत्यक्ष कशी वागतात याचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले. लहान मुलाला येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा अंदाज नीट बांधता येत नाही, आवाज कोणत्या बाजूने आला हे पटकन ओळखता येत नाही आणि चेंडूमागे धावताना शिकवलेला नियम आठवत नाही. त्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता. लहान मुलाला वाहतुकीच्या मापाचे करणे शक्य नाही. वाहतुकीलाच मुलाच्या मापाचे व्हावे लागेल. ‘मूल बेसावध होते’ या सोप्या स्पष्टीकरणाला मिळालेले ते भक्कम शास्त्रीय उत्तर होते.

९/
हे उत्तर सर्वांत गंभीरपणे घेतले ते नेदरलँड्सने. तिथे शाळकरी मुलांची वाहतूक परीक्षा १९३२ पासून होत आली आहे. तरीही १९७१ या एका वर्षात त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३३०० माणसे मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. परीक्षा घेणारा देशही मुले गमावत होता. त्यातून ‘मुलांची हत्या थांबवा’ अशा अर्थाच्या नावाची नागरिकांची चळवळ उभी राहिली. पालक आणि मुले रस्त्यावर उतरली. निवासी गल्ल्यांत वेग कमी झाला, सायकलींसाठी वेगळे मार्ग आले. परीक्षा मात्र बंद झाली नाही. मूल शिकत राहिले आणि रस्ताही सुधारत गेला.

१०/
केवळ शिकवल्याने अपघात कमी होतात का? २००२ मध्ये पादचारी सुरक्षा शिक्षणावरच्या १५ नियंत्रित प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. शिक्षणाने मुलांचे ज्ञान वाढते आणि रस्ता ओलांडण्याची रीत सुधारते, असे त्यात दिसले. दुखापती घटतात का, हे मात्र एकाही प्रयोगाने मोजले नव्हते. त्या पंधरांपैकी एकही प्रयोग गरीब वा मध्यम उत्पन्नाच्या देशांतला नव्हता. दुसरीकडे ग्लासगोच्या ड्रमचॅपल या कष्टकरी वस्तीत १९९० च्या दशकात ‘कर्बक्राफ्ट’ नावाचा प्रयोग झाला. स्थानिक स्वयंसेवक मुलांना खऱ्या रस्त्यावर नेऊन ओलांडण्याची सुरक्षित जागा त्यांनाच शोधायला लावत. मुलांचा निर्णय सुधारला. कृतीतून शिकणे पाठांतरापेक्षा सरस ठरले.

११/
माध्यमिक शाळेतील विद्यार्थी हा आणखी वेगळा प्रश्न आहे. सँडेल्स यांनी अभ्यासलेले लहान मूल वेग ओळखू शकत नाही. चौदा वर्षांचा मुलगा ओळखू शकतो, पण मित्रांसमोर मागे राहणे त्याला जड जाते. शाळेतच मोटार चालवायला शिकवावे, हा उपाय काही देशांनी करून पाहिला. त्याच्या आढाव्यात अनपेक्षित गोष्ट आढळली : मुले लवकर परवाने काढू लागली आणि अपघात कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचे सर्वांत मोठे कारण रस्ते अपघात आहे. कौशल्याचा धडा पुरेसा नाही. धोका समजण्याचा धडा हवा.

१२/
आता नवी मुंबई. १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर उभारण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील ९५ गावांच्या परिसरात, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरवर, शहराची आखणी झाली. आगरी-कोळ्यांची गावे, भातशेती, मिठागरे आणि खारे बांध यांच्या मुलखावर नोड आणि सेक्टर यांचे जाळे अंथरले गेले. भारतात इतक्या मोठ्या प्रमाणावर मोटारीचा आधी विचार करून आखलेली शहरे फार थोडी आहेत.

१३/
सेक्टरच्या मुळाशी असलेला विचार अमेरिकेत १९२९ मध्ये मांडला गेला होता. क्लॅरेन्स पेरी यांच्या ‘शेजार-घटका’त शाळा वस्तीच्या मध्यभागी आणि मोठे रस्ते वस्तीच्या कडेला, म्हणजे लहान मुलाला मोठा रस्ता ओलांडावाच लागू नये. त्याच वर्षी न्यू जर्सीतील रॅडबर्न वसाहतीत पायवाटा आणि मोटाररस्ते वेगळे केले गेले. नवी मुंबईत सेक्टरनिहाय शाळांसाठी भूखंड राखले गेले. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये तर कोरियांनी घरांचे छोटे पुंजके सामाईक अंगणांभोवती रचले. तिथे दारातून बाहेर पडलेले मूल आधी अंगणात येते, मग गल्लीत, मग रस्त्यावर. आळीची जुनी सुरक्षितता नव्या शहरात आणण्याचा तो प्रयत्न होता.

१४/
पण कडेला ठेवलेला रस्ता कडेलाच राहत नाही. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल खुला झाला आणि शीव-पनवेल मार्ग शहराचा कणा बनला. मुंबईतील गर्दी कमी व्हावी म्हणून घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला आणि लोखंडाचा बाजार कळंबोलीला हलवण्यात आला. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपासूनच सुरू होतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावर औद्योगिक पट्टा, खाडीकाठी सरळसोट पाम बीच मार्ग. मुंबईचा भार हलका करण्यासाठी वसवलेल्या शहराने मुंबईचे ट्रक आणि कंटेनरही वाट्याला घेतले.

१५/
या भूगोलाचा परिणाम वयानुसार बदलतो. पहिलीतले मूल बहुधा सेक्टरच्या आतच शाळेत जाते. आखणी त्याचे रक्षण करते. आठवी-नववीनंतर चित्र पालटते. आवडीची शाळा, शिकवणी, मैदान, पुढे कनिष्ठ महाविद्यालय, हे सगळे एका सेक्टरमध्ये मावत नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी मूल प्रथमच सायकलीने, रिक्षाने, बसने किंवा पायी त्या ‘कडेच्या’ रस्त्यांवर येते. ज्या रस्त्यांपासून त्याला दूर ठेवण्यासाठी शहर आखले गेले, तेच रस्ते आता त्याच्या रोजच्या वाटेवर असतात. रस्ता सुरक्षेचा धडा माध्यमिक शाळेत सर्वांत निकडीचा का आहे, याचे उत्तर शहराच्या नकाशातच दडलेले आहे.

१६/
याच वयात दुचाकीचा मोह सुरू होतो, आणि इथे कायद्याचा एक गमतीदार अवशेष भेटतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार १६ वर्षांच्या मुलाला ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा परवाना मिळू शकतो. १९७२ मध्ये रस्त्यावर आलेल्या ‘लुना’च्या पिढीला ही तरतूद चपखल होती. आज बाजारातल्या सामान्य स्कूटर १०० सीसीच्या पुढच्या आहेत. म्हणजे सोळाव्या वर्षी मिळालेल्या परवान्यावर त्या चालवता येत नाहीत. दुसऱ्या टोकाला, ताशी २५ किलोमीटरपर्यंतच्या आणि २५० वॉटपर्यंतच्या मंद विद्युत दुचाकींना परवानाच लागत नाही. दहावीच्या किती विद्यार्थ्यांना, किंवा त्यांच्या पालकांना, हा भेद ठाऊक असेल?

१७/
२०१९ च्या दुरुस्तीने या अज्ञानाची किंमत वाढवली. कलम १९९ अ नुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, बारा महिन्यांसाठी वाहनाची नोंदणी रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. गुन्हा आपल्या नकळत घडला किंवा तो टाळण्यासाठी पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर येते. याच दुरुस्तीने चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट बंधनकारक केले. मागे बसलेला विद्यार्थीही त्यात आला.

१८/
कायदा कागदावर कडक झाला, शिक्षणाची कल्पना मात्र जुनीच राहिली. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरमध्ये भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असा आरोप आहे. बाल न्याय मंडळाने काही तासांतच जामीन देताना घातलेल्या अटींत एक होती : रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध. देशभर संताप उसळला. त्या संतापात एक बाजू दुर्लक्षित राहिली. रस्ता सुरक्षा म्हटले की निबंध, ही कल्पना त्या मंडळाने शोधलेली नव्हती. ती आपल्या शाळांच्या परंपरेतूनच आली होती.

१९/
दरवर्षी जानेवारीत रस्ता सुरक्षा सप्ताह येतो. २०२१ मध्ये त्याचा महिना झाला. शाळांत निबंध, चित्रकला आणि घोषवाक्य स्पर्धा होतात, प्रभातफेरी निघते, प्रमाणपत्रे वाटली जातात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्ता सुरक्षा शिक्षण शालेय अभ्यासक्रमात आणण्यास राज्यांना सांगितले. हेतू उत्तमच. तरी घोषवाक्याचा स्वभाव असा की ते आज्ञा देते आणि विचार करण्याचे काम तिथेच संपते. ‘कर्ब ड्रिल’ म्हणणाऱ्या ब्रिटिश मुलांचे जे झाले तेच घोषवाक्य लिहिणाऱ्या मुलांचे होण्याची भीती आहे : शब्द पाठ, नजर रिकामी.

२०/
दुसरी वाट नववीच्या दप्तरातच आहे. महाराष्ट्राच्या नववीच्या विज्ञान पुस्तकातील पहिला पाठ ‘गतीचे नियम’ हा आहे. त्यासाठी लागणारे पहिले उपकरण म्हणजे तीस सेंटिमीटरची पट्टी. एकाने ती उभी धरायची, दुसऱ्याने खाली बोटे उघडी ठेवायची, आणि न सांगता सुटलेली पट्टी पकडायची. पट्टी २० सेंटिमीटर घसरली तर प्रतिसादाला सुमारे ०.२ सेकंद लागले. आता तोच प्रयोग गाणे ऐकत, मोबाइलवर संदेश वाचत, मित्राशी बोलत करायचा. बहुतेकांच्या बोटांतून पट्टी निसटते. ‘वाहन चालवताना मोबाइल वापरू नका’ हे वाक्य फळ्यावर न लिहिताही वर्गाला कळलेले असते.

२१/
दुसरा प्रयोग वहीतला. खऱ्या रस्त्यावर अचानक आलेला अडथळा ओळखून ब्रेक दाबायला सुमारे एक सेकंद लागतो असे धरू. कोरड्या रस्त्यावर ब्रेकमुळे वेग दर सेकंदाला ७ मीटर प्रतिसेकंदाने घटतो असे मानू. ताशी ४० किलोमीटरने जाणारे वाहन आधी ११ मीटर आणि मग ब्रेक लागल्यावर ९ मीटर, असे सुमारे २० मीटरमध्ये थांबते. ताशी ६० ने जाणाऱ्याला ३६ मीटरहून अधिक अंतर लागते. आता खरा प्रश्न : जिथे पहिले वाहन थांबले, तिथे दुसऱ्याचा वेग किती असेल? उत्तर आहे ताशी सुमारे ५५ किलोमीटर. चालकाला ब्रेक दाबून जेमतेम तीन मीटर झालेले असतात. २० मीटरवर उभ्या असलेल्या मुलाच्या दृष्टीने ४० आणि ६० मधला फरक वीसचा नसतो. जगणे आणि मरणे यांतला असतो.

२२/
तिसरा प्रयोग शाळेच्या फाटकाबाहेरचा. नगररचनेत पादचाऱ्याचा वेग साधारण १.२ मीटर प्रतिसेकंद धरतात. सहा मार्गिकांचा रस्ता सुमारे २१ मीटर रुंद, म्हणजे तो ओलांडायला १८ सेकंद हवेत. शाळेजवळच्या सिग्नलवर हिरवा मानव किती सेकंद दिसतो? काठी टेकत चालणाऱ्या आजोबांना ते पुरतात का? पदपथ कुठे तुटतो? झेब्रा पट्टे कुठे पुसले गेले आहेत? बस नेमकी कुठे थांबते? वाशी, नेरूळ किंवा कोपरखैरणेचा एक वर्ग आठवडाभर हे मोजून नकाशावर मांडू शकतो. तो नकाशा प्रभाग कार्यालयात आणि वाहतूक पोलिसांकडे नेला, तर मुले नागरिकशास्त्रही त्याच तासात शिकतात.

२३/
ही केवळ कल्पना नाही. मुंबईत भायखळ्याच्या मिर्झा गालिब मार्गावर ख्राइस्ट चर्च शाळेबाहेर महापालिका, वाहतूक पोलीस आणि नगररचनाकारांनी रंग, खांब आणि पट्ट्यांच्या साहाय्याने ‘सुरक्षित शाळा परिसर’ करून पाहिला. द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर ‘शून्य मृत्यू’चे उद्दिष्ट ठेवून प्रत्येक प्राणघातक अपघाताच्या जागेचा अभ्यास झाला, धोकादायक कठडे आणि रस्त्याकडेचे अडथळे सुधारले गेले, आणि पुढच्या वर्षांत मृत्यू लक्षणीय घटले. अभियंत्यांनी तिथे विचारलेला प्रश्न विद्यार्थ्यालाही विचारता येतो : इथे कोणी चुकले तर रस्ता त्याला दुसरी संधी देतो का?

२४/
धड्याचा आणखी एक भाग अपघातानंतरचा आहे. पोलिसांच्या चौकशीत अडकू या भीतीने जखमीभोवती बघे जमत आणि हात कोणी लावत नसे. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदतकर्त्यांना संरक्षण दिले, २०१९ च्या दुरुस्तीने ते कायद्यात आणले. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती नाही आणि साक्षीदार होण्याचीही नाही. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते आहे. १०८ वर फोन करून ठिकाण नेमके कसे सांगावे, याचा सराव वर्गात दहा मिनिटांत होतो. सेक्टरचा क्रमांक सांगितला पण नोड सांगितला नाही, तर नवी मुंबईत रुग्णवाहिका भलतीकडेच जाऊ शकते. प्रत्येक नोडमध्ये तेच क्रमांक पुन्हा येतात.

२५/
२०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकी शहरांत सुरू झालेला वाद या आकड्यात अजून जिवंत आहे. इतिहासाने त्याचे एकतर्फी उत्तर दिलेले नाही. सिनसिनाटी वेगाला आवर घालू शकली नाही. कर्ब ड्रिलने माना फिरवल्या, नजर दिली नाही. डच मुले परीक्षा देत राहिली आणि त्यांच्या आईवडिलांनी रस्ते बदलून घेतले. नवी मुंबईच्या आखणीने लहान मुलाला सेक्टरच्या आत सांभाळले. चौदाव्या वर्षी ते मूल कडेच्या रस्त्यावर येते, तेव्हा त्याच्या हातात घोषवाक्याचा फलक देता येतो किंवा मोजपट्टी, घड्याळ आणि नकाशा देता येतो. फलक जानेवारी संपल्यावर कपाटात जातो. रस्ता मोजलेला विद्यार्थी मात्र पुढे कधी स्टिअरिंगमागे बसला, कधी नगररचनेच्या टेबलाशी बसला, तरी २० मीटर म्हणजे किती, हे विसरत नाही.